शेवरोले विकणे आहे

रोटोटुना, हॅमिल्टन
१२ मार्च २०१७

मकरंदा,

गाडीबद्दलच्या सूचना मिळाल्या. जाहिरात ट्रेड मी या वेबसाइटवर टाकली आहे, लोक बघायला येतील, किल्ली फ्रिजवरच्या डब्यात आहे, गॅरेज उघडायचं, गाडी चालू करून दाखवायची, भावाचं तुझ्याशी बोला म्हणायचं. घर सोडून जाताना तू मला इतकं सविस्तर काही सांगितलं नव्हतंस.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. सगळी नोकरी मी पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, कुठल्या कुठल्या लोकांचे कॉल जोडून दिले, पण पर्थला बसलेला माझा मुलगा मला जोडून मिळत नाही. म्हणून कागद घेतला. वाचलास की नाही हे मला कळणार नाही, तेच बरं.

काल टौरंगाहून एक नवरा-बायको आले होते. नवरा गॅरेजच्या दाराशीच थबकला, गाभाऱ्यापुढे थबकावं तसा. १९५४ सालची पिकअप, हिरवा रंग विटून राखेसारखा झालेला, कुठे कुठे तांबडा गंज. तू ती अ‍ॅरिझोनाहून मागवलीस तेव्हा मी म्हटलं होतं, एवढ्या पैशांत रंग तरी मारून घ्यायचास! आता कळतं की लोक त्या विटलेपणाचेच पैसे देतात. कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग, त्यावर साठ वर्षांचं ऊन, आणि मधे कोणी ब्रश लावलेला नाही. त्याला पॅटिना म्हणतात म्हणे. माझ्या तोंडाकडे कोणी अशा नजरेनं पाहिल्याचं आठवत नाही.

त्यांनी विचारलं, गाडीला काही प्रॉब्लेम? मी खरं ते सांगितलं. थंडीत चालू व्हायला रडते. स्टिअरिंग ढिलं आहे. डावीकडे बसून चालवायची, त्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडताना समोरचं काही दिसत नाही. आणि मला विचारलं असतं तर मी माझ्या मुलाला घेऊ दिली नसती. 'वी विल हॅव अ थिंक,' म्हणाले आणि गेले.

तर अजून गिऱ्हाईक नाही. मला वाटतं हे काम माझ्यासारखीचं नाही. तू ये. चार दिवसांची रजा काढ, स्वतः दाखव, स्वतः वीक. स्वरदाला आता नववं सरतंय. ती विचारते, बाबा ट्रक न्यायला कधी येणार? मी म्हणते, एवढी लाडकी गाडी, ती टाकून कसा राहील?

ऋचा ठीक आहे. बायकोचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

आई


७ मे २०१७

मकरंदा,

'आई, प्लीज, लोकांना घाबरवू नकोस.' एवढंच तुझं उत्तर. म्हणजे पत्र पोचतं आणि वाचलंही जातं. बरं वाटलं.

यापुढे घाबरवणार नाही. खरं म्हणजे आता जो आला आहे तो घाबरणाऱ्यातला नाही. टेरी नाव. मॉरिन्सव्हिलला गाईगुरं होती, ती आता मुलाकडे दिली, आणि रिकाम्या गोठ्यात हा जुने अमेरिकन ट्रक ठेवतो. म्हातारा आहे, खुब्याचं ऑपरेशन व्हायचंय, लंगडत येतो. मी दोष सांगायला लागले तर हा जास्तच खूश! स्टिअरिंग ढिलं म्हटलं तर म्हणाला, 'सो अ‍ॅम आय, लव्ह.'

मला सरळ शकु म्हणतो. पहिल्यांदा दचकले. तुझे बाबा गेल्यापासून मला नुसतं शकु म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

दारावरची ती पुसट अक्षरं आहेत ना, कुठल्याशा गावच्या बी-बियाण्याच्या दुकानाचं नाव आणि खाली तीन आकडी टेलिफोन नंबर, त्यांच्यापाशी तो बराच वेळ उभा होता. बोट जवळ नेलं, पण लावलं नाही. म्हणाला, मला हिची अक्षरं पाहिजेत, बाकीची गाडी त्यांच्याबरोबर येईल. तीन आकडी नंबर बघून मलाही जरा आपलेपणा वाटला. आमच्या वेळी सासवडला असेच नंबर होते. मी त्याला ते सांगितलं, मग चहा दिला, मग त्याला आल्याच्या चहाची चटक लागली. तीनदा येऊन गेलाय.

जाताना बजावतो, 'डोन्ट यू गो वॉशिंग हर, शकु.' पाण्याचं फडकंसुद्धा नाही. मी म्हटलं, आमच्यात गाडी नवी असो जुनी असो, आधी धुतात, मग हार घालतात. तो म्हणाला, हार चालेल.

तुझ्याशी त्याचं भावाचं बोलणं झालं असेलच. माझ्याशी का नाही होत, हे मी विचारणार नाही.

आई


१६ जुलै २०१७

मकरंदा,

गाडी घ्यायचं ठरवलं, हे सांगायला टेरीनं फोन केला. तुझा मेसेज त्याच्यानंतर दोन दिवसांनी आला. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालतो, सप्टेंबरच्या मध्यावर गाडी नेणार. तोवर इथेच राहू दे म्हणाला, मी राहू दिली.

तो विचारत होता, 'युअर बॉय कमिंग टु सी हर ऑफ?' मी हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याच्या मते माणूस असा ट्रक विकतो तेव्हा निरोपाला येतोच.

तर आता तारीख ठरलेली आहे. मालकी बदलणं ऑनलाइन होतं हे मला माहीत आहे, ते पुन्हा लिहू नकोस. शनिवारी सकाळी स्वरदाची मॅच असते. ती गोलकीपर आहे. गोलकीपर का झालीस विचारलं तर म्हणाली, 'बिकॉज नोबडी एल्स वॉन्टेड टु, आज्जी.' तिचे हातमोजे केवढे मोठे आहेत, बघशील तर हसशील. बाकीच्यांचे बाप रेषेवर उभं राहून ओरडतात. आमच्याकडून ऋचा ओरडते. आवाज चांगला खणखणीत आहे तिचा, इतकी वर्षं कधी ऐकला नव्हता.

ये. माझ्या खोलीत झोप. मी हॉलमध्ये झोपेन. ऋचाला मी विचारलंय, ती म्हणाली, 'आई, स्वरदासाठी येत असेल तर माझी ना नाही.' यापेक्षा जास्त कोणी काय म्हणायचं?

आई


४ सप्टेंबर २०१७

मकरंदा,

शांतपणे वाच.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन काल झालं. दर वर्षी ज्या ट्रेलरवर मूर्ती नेतात त्याचा अ‍ॅक्सल मोडला होता. गुरुवारी श्याम आला. तुझ्या ओळखीचा सांगलीचा श्याम, दुधाचा टँकर चालवतो तो. म्हणाला, "काकू, मकरंदची शेवरोले द्या. बाप्पा शेवरोलेतून निघाले असा फोटो ऑकलंडवाल्यांना पाठवतो, जळून मरतील."

मी म्हटलं, "ती विकली आहे रे."

"विकली ना? मग नेली तर नाही! फक्त हॉलपासून पार्किंगला दोन फेऱ्या. हळू चालवतो, काकू. अठ्ठावीस टनाचा टँकर चालवतो मी, ही तर खेळणं आहे."

मी ऋचाला विचारलं. ती म्हणाली, "मला नका विचारू आई, गाडी माझी नाही." मग किल्ली मी दिली. मी. हे नीट लक्षात ठेव.

काय देखणी दिसत होती रे. मागच्या फळीवर सतरंजी, त्यावर शाडूचा गणपती, बॉनेटवर झेंडूचा हार. इथे नदीत विसर्जन करत नाहीत. नदी इथल्या माओरी लोकांची पूर्वज आहे, तिच्यात काही सोडायचं नाही, म्हणून मोठी टाकी ठेवतात. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, 'स्वीट अ‍ॅज, आंटी.' म्हणजे झकास. स्वरदा पुढच्या सीटवर श्यामशेजारी. मी फोटो काढला, पाठवलाय तुला.

मग पोरांनी गुलाल उधळला आणि त्याच वेळी पाऊस आला. नेहमीचा इथला पाऊस, आडवा. पाच मिनिटांत गाडी गुलाबी.

तरी एवढ्यावर निभावलं असतं. टेरीनं हसून सोडून दिलं असतं कदाचित. पण श्याम आणि त्याची बायको नीता ही चांगल्या घरची माणसं. दुसऱ्याची वस्तू मागून आणलेली, ती मळकी परत करायची नाही. गाडी रात्री त्यांच्या घरी नेली आणि आज सकाळी दोघांनी बादली, भांड्यांचा साबण आणि ती हिरवी खरखरीत घासणी घेऊन गाडी घासली. नीता म्हणाली, "काकू, गुलाल निघेचना, इतका आत शिरलेला. दारावर तर नखानं काढला मी. जुना मळ पण गेला बघा सगळा." घामाघूम झाली होती. सीटवर प्रसादाचा नारळ आणि डबाभर शिरा.

गाडी चकचकीत आहे. दाराला पांढुरका डाग आहे, अक्षरं गेली. टेलिफोन नंबरातला एक सात राहिलाय.

मी चहा केला, शिऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात चकल्या घातल्या. ते गेल्यावर गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. टेरी आता ही नेईल असं वाटत नाही.

आज जेवणात मी एक पोळी जास्त खाल्ली. ऋचानं माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

आई


१७ सप्टेंबर २०१७

मकरंदा,

फोन केलास. तू ओरडत होतास तेव्हा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती, म्हणून मधलं थोडं ऐकू आलं नाही. पण आवाज ऐकला. जाड झालाय जरा. सर्दी आहे का?

टेरी शुक्रवारी येऊन गेला. मी आधी सांगितलं नव्हतं, फोनवर इंग्रजीत एवढं दुःख मला सांगता आलं नसतं. गॅरेज उघडलं. त्यानं टोपी काढली. दाराजवळ गेला, पांढऱ्या डागावरून या वेळी मात्र हात फिरवला. 'ओह, शकु,' म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. आल्याचा चहा घेतला नाही. 'आय कान्ट डू इट, लव्ह,' म्हणाला आणि गेला.

आता तुझ्या बोलण्याचं. मी अडाणी आहे, मान्य. मंडळाचे लोक बावळट आहेत, तेही घटकाभर मान्य. पण ऋचानं हे मुद्दाम घडवून आणलं, असं तू म्हणालास. ते मी घरात कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. किल्ली मी दिली. तिनं आजवर तुझ्याविरुद्ध एक शब्द माझ्यासमोर काढलेला नाही. तिनं काढला असता तर मला सोपं गेलं असतं. तू पुन्हा तिचं नाव असं घेऊ नकोस.

शेवटी तू म्हणालास, "आता हे निस्तरायला मलाच यावं लागणार." मी तेवढंच धरून ठेवलंय. दिवाळी पुढच्या महिन्यात आहे. ये आणि निस्तर. ओरडायचं ते इथे बसून ओरड, मी समोर बसते.

स्वरदाला सांगितलं, बाबा दिवाळीत येणार. ती 'ओके' म्हणाली आणि मोजे शोधायला गेली.

आई


२२ ऑक्टोबर २०१७

मकरंदा,

दिवाळी झाली. चिवडा, शेव, अनारसे. अनारसे तुझ्यासाठी. इथल्या तुपात ते विरघळतात, तरी जमले या वेळी. भाऊबीजेपर्यंत डबा झाकून ठेवला होता, आज ऋचाला ऑफिसात न्यायला दिला.

विमानाचं तिकीट महाग असतं सणाला, हे मला समजतं. कामावर सुट्टी नसेल. मेसेज करायचा राहिला असेल.

गाडी आहे तिथेच आहे.

आई


२६ नोव्हेंबर २०१७

मकरंद,

काल टेरी आला. मला वाटलं चहासाठी आला. तो म्हणाला, उद्या सकाळी गाडी नेतो, ते सांगायला आलोय. तुमचं फोनवर ठरलं म्हणे, मिळेल त्या भावात. तू त्याला म्हणालास, आहे तशी ने, मला ती डोक्यातून काढायची आहे. तोच बिचारा ओशाळला होता. 'आय थॉट यू न्यू,' म्हणाला. गाडी तो दुसऱ्या ट्रकच्या सुट्या भागांसाठी नेतोय. दार वगैरे आता त्याच्या कामाचं नाही, पण इंजिन चांगलं आहे.

मी आल्याचा चहा ठेवला. त्याला चार चांगले शब्द बोलायचे होते म्हणून तो म्हणाला, "अँड कॉन्ग्रॅच्युलेशन्स, शकु! अनदर ग्रँडचाइल्ड. युअर बॉय टोल्ड मी. फेब्रुवारी, इझन्ट इट?"

मी थँक यू म्हटलं. कप त्याच्यापुढे ठेवला, साखर विचारली. तुझ्या बाबांच्या वेळी डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हाही मी त्यांना आधी थँक यूच म्हटलं होतं. नोकरीतली सवय, काही ऐकलं की थँक यू म्हणून लाइन सोडायची.

आणि मग लक्षात आलं की स्वरदा तिथेच टेबलाशी बसून गणितं करतेय. मी टेरीला घाईनं बाहेर नेलं, गाडीविषयी काहीबाही बोलत राहिले. आत आले तेव्हा ती तशीच लिहीत होती. मी म्हटलं, "बाळा, तो काय म्हणाला ते... म्हणजे बाबांनी सांगितलं असतं आपल्याला, पण..."

ती वर न बघता म्हणाली, "इट्स ओके, आज्जी. आय न्यू."

"कधीपासून?"

"ईस्टरपासून. आय मीन बाळाचं नाही, त्या लेडीचं. मम्मीच्या फोनमध्ये बाबांचा आणि तिचा फोटो आला होता. बेबीचं नंतर कळलं. मम्मी नोज टू."

मी विचारलं, "मग मी बाबा येणार, बाबा येणार म्हणत होते तेव्हा तू ओके का म्हणायचीस गं?"

पेन्सिल खाली ठेवली तिनं. "बिकॉज यू वर सो हॅपी व्हेन यू सेड इट."

नऊ वर्षांची पोर आणि तिची आई, दोघी मला जपत होत्या. मी समजत होते, मी त्यांना जपतेय.

ऋचा कामावरून आली तेव्हा तिला फक्त म्हटलं, कळलं मला. ती उभ्या उभ्या पर्स हातात धरून रडली. मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. तू गेलास तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती. म्हणाली, "आई, तुम्हाला कळलं की तुम्ही पुण्याला निघून जाल असं वाटायचं मला." मी म्हटलं, पुण्याला माझं कोण आहे?

तुझ्यावर मी रागावलेली नाही. रागावण्याची वेळ मी गाडीच्या नादात घालवली. गाडी इथे आहे तोवर तुझं इथे काही तरी आहे असं मी धरून चालले होते. ते काही तरी तुझं आहेच, पण त्याला गोलकीपरचे हातमोजे लागतात, आणि गाडीसाठी केलास तसा फोन त्याच्यासाठी तू कधी केला नाहीस.

फेब्रुवारीतल्या बाळाला माझे आशीर्वाद. माझ्या इंदुरी साडीचं दुपटं शिवायला घेतलंय, झालं की पाठवीन. त्याच्या आईला माझा नमस्कार सांग. तिचं नाव काय ते कळव, दुपट्यासोबत चिठ्ठी लिहायची तर नाव हवं. यापुढे ये म्हणणार नाही. आलास तर दार उघडेन.

गाडी आज सकाळी गेली. टेरीनं ट्रेलर आणला होता. श्याम मदतीला आला, साखळ्या त्यानंच बांधल्या, माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. स्वरदा खिडकीत नव्हती, मैत्रिणीकडे पोहायला गेली होती, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, विसरली म्हणून मधेच परत आली आणि पुन्हा गेली.

एक गोष्ट तुला मी कधी लिहिली नाही. गॅरेज तुझ्या शेवरोलेनं अडवलेलं होतं. तू गेल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात ऋचाची गाडी बाहेर असायची. सकाळी अंधारात ती काचेवरचं गोठलेलं दव जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं खरवडायची, हातमोजे न घालता, आणि मग स्वरदाला शाळेत सोडून कामावर. मी माझ्या खोलीतून तो खरवडण्याचा आवाज ऐकत पडायचे. गाडी हलवू या असं ती एकदाही म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही.

आज संध्याकाळी पाऊस होता. ऋचा आली आणि सवयीनं बाहेरच थांबली. मी गॅरेजचं दार उघडलं आणि आत ये म्हणून हात केला. तिला पटकन कळलंच नाही. मग तिनं गाडी आत घेतली, हळूहळू, दोन्ही बाजूंना बघत, जणू दुसऱ्याच्या घरात. उतरली. पायाखालची जमीन कोरडी होती. ती तिथेच जरा वेळ उभी राहिली, आणि मग आम्ही जेवायला गेलो.

आई